सेंट्रल या शब्दाचे दोन अर्थ

तहसीलीतून आलेला तो कागद इंग्रजीत होता आणि देवठाणच्या सोसायटीत इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. सेक्रेटरीनं कागद दोनदा उलटापालटा केला, खालचा शिक्का तेवढा ओळखला आणि चेअरमन सुंदररावांच्या हातात दिला. सुंदररावांनी तो घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, "मास्तरांकडं जाऊन येतो."

मास्तर म्हणजे जलालुद्दीन. धारूरच्या हायस्कुलात त्यांनी तेवीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि तीन वर्षांपूर्वी रिटायर होऊन देवठाणला, आपल्या मूळ गावी आले. ते स्वतः निजामाच्या काळात उर्दूत शिकले, पुढं मराठीत शिकवू लागले, पण इंग्रजी मात्र दोन्ही राज्यांत तेच राहिलं, असं ते हसून सांगत. घरात ते आणि मुलगी जरीना. नवरा गेल्यावर जरीना माहेरी परतली होती आणि सोसायटीच्या गोदामातल्या एका खोलीत बालवाडी चालवत होती. ती खोली सुंदररावांनीच दिली होती.

साल त्र्याहत्तर. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नीट पडला नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते, ज्वारीचं पीक हाती लागलं नव्हतं, त्यामुळं कडबाही नव्हता. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडून पोटापुरतं मिळवत होती, पण गुरांना खडी फोडता येत नाही. म्हणून सरकारनं चारा डेपो काढायचं ठरवलं होतं आणि तो चालवायचं काम सोसायटीकडं दिलं होतं. कागद त्याचाच होता.

सुंदरराव ओसरीवर टेकले. मास्तरांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि एका ओळीशी थांबले.

"काय म्हनतो सायेब?"

"सोसायटीच्या पाच गावांसाठी एकच डेपो मिळंल. चारा ट्रकनं येईल. रोज कार्डावर पेंढी द्यायची. दर आठव्या दिवशी जनावर डेपोवर आणून दाखवायचं, म्हणजे मेलेल्या जनावराच्या नावावर कुणी चारा उचलणार न्हाई. आन डेपो कुठं, तर 'ॲट अ सेंट्रल व्हिलेज'."

"सेंट्रल म्हंजी?"

मास्तर शिक्षकच होते. त्यांनी सवयीनं पूर्ण उत्तर दिलं. "विशेषण हाय. दोन अर्थांनी चालतं. एक जागेवरून, म्हंजी मधोमधचं, सगळ्यांना सारखं जवळ पडणारं. दुसरा मोठेपणावरून, म्हंजी मुख्य, प्रधान. उर्दूत मरकजी म्हनतात, मराठीत मध्यवर्ती. त्या दोन्ही शब्दांतबी हे दोन्ही अर्थ हायेत."

"म्हंजी मुख्य गाव, असाबी अर्थ व्हतो."

"व्हतो. पर हितं त्यो न्हाई, सुंदरराव. हितं चालत येणाऱ्या गुरांची गोष्ट हाय. सायबाला मधलं गाव पायजे. आपल्यात ते आंबेवाडी."

देवठाण हे पाचांत मोठं गाव, पण सगळ्यात पूर्वेच्या टोकाला. पश्चिमेच्या टोकाला डोंगरावर बेलवाडी, सात मैलांवर, आणि मध्ये वाघदऱ्याची उतरण आणि चढण. आंबेवाडी दोन्हींच्या बरोबर मधे. सोसायटीची निवडणूक सहा महिन्यांवर आली होती. पाच गावांची माणसं रोज देवठाणला आली, चेअरमनच्या दारावरून चारा घेऊन गेली, तर त्याचा अर्थ सांगायला मास्तर लागत नव्हते.

"परवा मीटिंग हाय," सुंदरराव उठत म्हणाले. "तिथं तुमाला अर्थ इचारतील. तुमी दुसरा सांगा. खोटा तर न्हाई ना त्यो?"

मास्तरांनी कागदाची घडी घालून तो परत दिला. सुंदररावांनी जुनी गोष्ट काढली नाही. ती काढायची कधीच गरज पडली नव्हती. अठ्ठेचाळीस साली, निजामाचं राज्य बुडालं त्या दिवसांत, रस्त्यानं माणसं मुसलमानांची घरं हुडकत फिरत होती, तेव्हा सुंदररावांच्या वडलांनी मास्तरांना, त्यांच्या बायकोला आणि दोन वर्षांच्या जरीनाला आपल्या घरातल्या बळदात, धान्य साठवायच्या अंधाऱ्या कोठीत अकरा दिवस ठेवलं होतं. सुंदररावांची आई विमलबाई वरच्या झरोक्यातून भाकरी सोडायची. पोरगी रडली तर बोट मधात बुडवून खाली धरायची. दारात येऊन विचारणाऱ्यांना तिनं स्वतः सांगितलं होतं, इथं कुणी नाही.

मीटिंग सोसायटीच्या पटांगणात भरली. पाचही गावांचे लोक आले होते. बेलवाडीकडून गहिनीनाथ बोलायला उभा राहिला. आठवीपर्यंत धारूरला शिकलेला, मास्तरांचाच विद्यार्थी, आता आंबेवाडीच्या रस्त्यावर खडी फोडत होता.

"कागदात काय लिवलंय ते मास्तरांनी सांगावं," तो म्हणाला. "त्यांचा शब्द आमाला मान्य हाय."

मास्तर उभे राहिले. कागद हातात होता, पण त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. "सेंट्रल व्हिलेज असं लिहिलंय," ते म्हणाले. "सेंट्रल म्हंजी मुख्य."

बेलवाडीच्या लोकांत कुजबुज झाली. गहिनीनाथ बसला नाही. "मास्तर, शाळेत तुमी फळ्यावर गोल काढलता. मधी खडूचा ठिपका दिलता. म्हनलता, हे सेंटर. मंग सेंट्रल म्हंजी मधलं न्हाई का?"

प्रश्न बिनचूक होता. वर्गात कुणी असा विचारला असता तर मास्तरांनी त्याची पाठ थोपटली असती. पटांगणात मात्र त्यांनी कागदाची घडी घातली. सुंदरराव पुढच्या खुर्चीवर शांत बसले होते.

"सेंटर हे नाम हाय," मास्तर म्हणाले. "सेंट्रल हे विशेषण. नाम येगळं, विशेषण येगळं."

"आन आपली मध्यवर्ती बँक कुठं हाय?" सुंदररावांनी बसूनच विचारलं. "बीडला. बीड काय जिल्ह्याच्या मधोमध हाय का? एका अंगाला हाय. तरीबी मध्यवर्तीच म्हनतो आपण. मोठं ठिकाण त्येच मध्यवर्ती."

लोक हसले. गहिनीनाथ मास्तरांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. तुमी म्हनता म्हंजी तसंच आसंल," आणि खाली बसला. त्यानं खरंच विश्वास ठेवला होता.

घरी जरीना चुलीपुढं होती. तिनं बालवाडीच्या खिडकीतून सगळं ऐकलं होतं. त्यांच्या घरात दखनीच चाले.

"अब्बा, दूसरा मतलब तुमना मालूम था ना?"

"था."

"फिर बोले कायकू नई?"

मास्तरांनी चपला काढल्या, पाय धुतले. मग म्हणाले, "तू तब दो बरस की थी." जरीनानं तवा उतरवला.

डेपो देवठाणला सुरू झाला. पहाटे निघालेली बेलवाडीची माणसं ऊन चढता चढता पोचत, रांगेत थांबत आणि पेंढ्या डोक्यावर घेऊन परत सात मैल जात. त्यात बाया जास्त, कारण गडी रस्त्याच्या कामावर. मास्तरांच्या ओसरीवरून रांग दिसायची. त्यांनी खुर्ची आत नेली. तरी आवाज यायचा. आठव्या दिवशी गुरं यायची. पहिल्या हजेरीला बेलवाडीची सत्तर जनावरं आली, दुसऱ्या हजेरीला एकसष्ट. तिसऱ्याला किती आली ते मास्तरांनी विचारलं नाही. जरीनानं आपणहून सांगितलं, "अडतालीस."

"बाकी के बेच डाले होंगे," मास्तर म्हणाले.

"तुम जाके देखो," जरीना म्हणाली. "मैं बोली तो तुमना झूट लगता."

चौथ्या हजेरीच्या दिवशी मास्तर छत्री घेऊन निघाले. सकाळ होती, पण उन्हाचा चटका आत्ताच बसत होता. दोन मैलांवर त्यांना दम लागला. समोरून गुरं येत होती, बरगड्या मोजाव्यात अशी, आणि त्यांना ढकलत आणणारी माणसं. कुणी रामराम घातला, कुणी नाही. वाघदऱ्याच्या उतरणीवर रस्त्याच्या कडेला एक तांबडी गाय बसलेली दिसली आणि तिच्या डोक्यावर पदराची सावली धरून एक म्हातारी.

मास्तर जवळ गेले तशी ती म्हणाली, "गहिन्याचे मास्तर न्हवं का तुमी?"

ती दगडाबाई, गहिनीनाथची आई. लेक कामावर, म्हणून गाय घेऊन ती निघाली होती. उतरणीवर गाईचे पुढचे पाय दुमडले ते पुन्हा सरळ झाले नाहीत. दगडाबाईच्या तांब्यात घोटभर पाणी राहिलं होतं. ती पदराचं टोक त्यात भिजवून गाईच्या जिभेला लावत होती.

मास्तरांनी छत्री गाईवर धरली. दोघांनी मिळून तिला उठवायचा प्रयत्न केला. शेपटीकडून उचललं, पोटाखाली हात घातले. गाय अर्धी उठली, थरथरली आणि परत बसली. मग कुशीवर पडली.

"उठायची न्हाई आता," दगडाबाई म्हणाली आणि तिच्या मानेवरून हात फिरवत राहिली. काही वेळानं तिनंच विचारलं, "मास्तर, गहिन्या म्हनतो, कसला एक इंग्रजी शबुद हाय म्हनं. त्याच्यात आमचं गाव बसत न्हाई. खरं हाय का?"

"न्हाई दगडाबाई. बसतं. तुमचं गाव त्यात बसतं. मीच बसू दिलं न्हाई. मला ठावं व्हतं."

त्यांना वाटलं, ती रडेल, शिव्या देईल. तिनं नुसतं वर बघितलं. तिला त्यांचं बोलणं नीट समजलं होतं.

"मंग मला सांगून काय?" ती म्हणाली. "ज्याला सांगायचं त्याला सांगा की."

दुपार कलायच्या आत गाय गेली. दगडाबाईनं तिच्या गळ्यातलं दावं सोडलं, हातावर गुंडाळलं आणि चढणीला लागली. मास्तर तिच्याबरोबर जायला निघाले तर तिनं हातानंच नको म्हटलं. "तुमी कुठं येता इतक्या लांब," ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर सुंदररावांच्या घरी गेले. सुंदरराव नाहीत अशी वेळ साधून गेले. विमलबाई परसात लिंबाखाली पाटावर बसली होती. वय झालं होतं, नजर कमी झाली होती, तरी पावलांवरून तिनं ओळखलं.

"जलाल?"

"हां काकी."

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. शब्द, त्याचे दोन अर्थ, मीटिंग, गाय. सुंदररावांनी काय सांगितलं होतं तेही सांगितलं. मग म्हणाले, "मी सायबाला कागद लिहिणार हाय, काकी. खरं काय ते. सुंदररावाचं नाव खराब व्हईल. तुमी मला जीव दिला. तुमी न्हाई म्हनलात तर न्हाई लिहीत."

विमलबाईच्या तोंडावरच्या सुरकुत्या हलल्या. मग तिचा आवाज चढला.

"मला कावून इचारतोस? तुला बळदात घालतानी मी कुनाला इचारलं व्हतं?"

मास्तर मान खाली घालून उभे राहिले.

"तुमी तिघं मरू नये म्हनून ठिवलं. पुढं तू आमच्या बाजूनं बोलावं म्हनून न्हाई. आन ऐक. त्यो माझा ल्योक हाय. त्याच्याइरोधात लिही, असं माझ्या तोंडातून येणार न्हाई. लिवू नको असंबी येणार न्हाई. तुझं तू बघ."

तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला. मास्तर पाणी प्यायले आणि बाहेर पडले. तिनं मोकळं केलं होतं की पेच आणखी घट्ट केला होता, ते त्यांना वाटभर कळलं नाही.

कागद लिहायला त्यांना तीन तास लागले. पहिल्या दोन मसुद्यांत त्यांनी 'गैरसमज झाला' असं लिहिलं आणि दोन्ही फाडले. तिसऱ्यात लिहिलं की सेंट्रल या शब्दाचा आपण मुद्दाम अर्धाच अर्थ लोकांना सांगितला, कागदाचा हेतू ठाऊक असताना सांगितला, आणि त्यापायी बेलवाडीची किती जनावरं वाटेत पडली. चेअरमननं सांगितलं म्हणून, असं मात्र लिहिलं नाही. जीभ आपली होती. जरीनानं कागद स्वतः धारूरला नेऊन टपालात टाकला.

आठ दिवसांनी साहेब जीपनं आला. तरुण होता, दूरच्या मुलखातला, मराठी तोडकंमोडकं बोलायचा. तो आधी बेलवाडीला गेला, वाघदऱ्यातून चालत आला, आणि आंबेवाडीला येऊन त्यानं लोक गोळा केले. दुष्काळी कामाचा नवा रस्ता तिथपर्यंत आला होता. ट्रक येऊ शकत होता.

"मी लिहिलं तो शब्द सोपा समजलो," साहेब म्हणाला. "चूक माझी पण आहे. कुठलं गाव, ते नावानिशी लिहायला पाहिजे होतं." मग त्यानं मास्तरांना बोलायला सांगितलं.

मास्तर उभे राहिले. समोर गहिनीनाथ होता. डाव्या अंगाला सुंदरराव, हात मागं बांधून. मास्तरांनी दोन्ही अर्थ सांगितले, कुठं कुठला लागतो ते सांगितलं, आणि म्हणाले, "त्या दिवशी गहिनीनाथचं बरोबर व्हतं. मी त्याला व्याकरण सांगून गप बसवलं. ते व्याकरण न्हवतं, लबाडी व्हती."

कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. एका बाईनं लहान लेकराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. गहिनीनाथ उठून निघून गेला.

डेपो दुसऱ्या दिवशी आंबेवाडीला हलला. पाऊस यायला तेव्हा जेमतेम पाच आठवडे राहिले होते.

सुंदरराव त्याच संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीसमोर येऊन उभे राहिले, वर चढले नाहीत. "मास्तर, तुमी मला येऊन म्हनला असता, सुंदर, हे चुकलं, तर मी ऐकलं असतं."

"ऐकलं असतं?" मास्तरांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

सुंदररावांचे डोळे लाल झाले होते. "आमच्या घरानं तुमच्यासाठी..." ते म्हणाले, आणि पंचवीस वर्षं जे बोलले नव्हते ते अर्ध्यात सोडून वळले. त्यानंतर दोघांत बोलणं झालं नाही. पोती ठेवायला जागा लागते म्हणून आठवडाभरात बालवाडीची खोली सोसायटीनं परत घेतली. चारा इथून गेला म्हणून देवठाणचे लोकही घुश्शात होते. आता त्यांना साडेतीन मैल चालावं लागत होतं. जरीनानं पोरं घरच्या ओसरीवर बसवायला सुरुवात केली. बावीसांतली नऊ आली.

"नौ तो नौ," ती म्हणाली आणि पाट्या पुसायला घेतल्या.

मास्तर एकदा बेलवाडीला जाऊन आले. दगडाबाईनं घोंगडी अंथरली, गुळाचा खडा दिला, गाईचं नाव काढलं नाही. गहिनीनाथ घरात असून बाहेर आला नाही.

पावसाळा सरल्यावर सोसायटीची निवडणूक झाली. सुंदरराव निवडून आले, पण चेअरमन झाले नाहीत. आंबेवाडीचा एक जण झाला. बेलवाडीकडून गहिनीनाथ संचालक झाला. बियाणं, खत, नवीन विहिरी, कशाकशाचे कागद येऊ लागले. त्यातले काही इंग्रजीत असत.

दिवाळीनंतर एका सकाळी गहिनीनाथ मास्तरांच्या ओसरीवर आला. चपला बाहेर काढल्या, पण बसला नाही. त्यानं कागद पुढं केला. मास्तरांनी खुर्ची उजेडात ओढली. एकेक ओळ वाचली, एकेक ओळ मराठीत सांगितली. जिथं शब्दाला दोन अर्थ होते तिथं दोन्ही सांगितले, आणि आपल्याला कुठला वाटतो, का वाटतो, तेही सांगितलं. गहिनीनाथ पेन्सिलीनं वहीत उतरवून घेत होता.

"आणखी काही अर्थ?" त्यानं विचारलं.

"न्हाई. एवढेच."

"पक्कं?"

"पक्कं."

जरीनानं चहा आणला. गहिनीनाथनं उभ्यानंच घेतला, कप विसळून ठेवला. कागदाची घडी घालून वहीत ठेवली.

"धारूरची यष्टी किती वाजता हाय, ताई?" त्यानं जरीनाला विचारलं.

"साडेदहाची हाय. धारूरला काय काम काढलं?"

गहिनीनाथनं मास्तरांकडं बघितलं, मग नजर दुसरीकडं नेली. "हायस्कुलात नवीन सर आलेत इंग्रजीचे. त्यास्नीबी एकदा दाखवून येतो."

जरीनाचा चेहरा पडला. मास्तर मात्र लगेच म्हणाले, "दाखव. दाखवावंच." आणि ओसरीच्या कडेला बसलेल्या, बालवाडीतल्या एका मुलीच्या पाटीवरचं अक्षर नीट करायला वाकले. गहिनीनाथ चपला घालून रस्त्याला लागला होता.